पासपोर्ट अडला, तर आधी कारण लेखी मागा

"केस हाये म्हणते. पासपोर्ट होतच नाही म्हणते."

काकाजी एवढं बोलले आणि कापडी पिशवीतून चार घड्या घातलेलं पत्र काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. सोबत मुलगा, वय सव्वीस, वेल्डिंगचं काम शिकलेला, आखातात जायची सगळी तयारी झालेला. पत्र इंग्रजीत होतं. गावात ज्यानं वाचलं त्यानं "रिजेक्ट झालं" असं सांगून टाकलं होतं. मी वाचलं, तर पासपोर्ट नाकारलेलाच नव्हता. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल आला आहे, तुमचं म्हणणं कळवा, एवढंच त्यात होतं. पण कळवायच्या मुदतीतले बरेच दिवस घरातल्या रडारडीत आणि भांडणात निघून गेले होते.

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, जातीचे दाखले हे रोजचं काम. अलीकडे पासपोर्टचे फॉर्म वाढले आहेत. कुणाला आखातात काम मिळतं, कुणाच्या मुलीला परदेशात डॉक्टरकीला प्रवेश, कुणाला हज, कुणाला थायलंड-श्रीलंकेची बौद्ध स्थळं पाहायची असतात. फॉर्म वाढले तसे अडलेले फॉर्मही वाढले. मी वकील नाही. कोर्टाचं काम वकिलाकडूनच करून घ्या. पण वकिलाकडे जायच्या आधी आणि नंतर काय करायचं, हे शेकडो फॉर्म भरताना जे कळलं ते इथे सांगतो.

सरकारचा अधिकार कुठवर

पासपोर्ट हे सरकारचं दान आहे, दिलं तर दिलं, अशी आपल्याकडे समजूत आहे. एके काळी खरोखर तसंच होतं, कारण पासपोर्ट कधी नाकारायचा याचा कायदाच नव्हता. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परदेशी जाणं हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याशिवाय तो अडवता येत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. पुढे १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट 'जनहितासाठी' जप्त झाला आणि कारण विचारलं तर जनहितासाठीच ते सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. त्यावर २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला: कार्यपद्धती न्याय्य हवी, माणसाचं म्हणणं ऐकायला हवं.

आपल्यापुरता याचा अर्थ असा. पासपोर्ट नाकारायची कारणं कायद्याच्या कलम ६ मध्ये मोजून दिलेली आहेत, आणि हातात असलेला पासपोर्ट जप्त किंवा रद्द करायची कारणं कलम १० मध्ये. त्याबाहेरचं कारण चालत नाही. अधिकाऱ्यानं कारण लेखी नोंदवायचं असतं आणि तुम्ही मागितलं तर त्याची प्रत द्यायची असते. देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, व्यापक जनहित अशा बाबतीतच प्रत रोखता येते. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात देशाची सुरक्षा येत नाही.

खिडकीवरून कुणी तोंडी "होत नाही" म्हटलं तर ते उत्तर धरू नका. माझ्या घरच्याच एका माणसाला एका कार्यालयात असंच तोंडी परत पाठवलं होतं. त्यानं ते नकार समजून फाईल सोडली आणि हातची नोकरी गेली. तेव्हा मलाही काही कळत नव्हतं. ती गोष्ट अजून मनाला लागते, म्हणून आता मी प्रत्येकाला पहिलं हेच विचारतो: कागद कुठं आहे?

पायरी १: हातातलं पत्र नेमकं कोणतं ते ओळखा

पत्रं साधारण तीन तऱ्हेची असतात. पहिलं खुलासा मागणारं. यात फाईल थांबलेली असते, मेलेली नसते. दुसरं नकाराचं, यात कलमाचा उल्लेख असतो. तिसरं आधी दिलेला पासपोर्ट जमा करा किंवा तो का रद्द करू नये ते सांगा, असं विचारणारं.

तिन्हींत तीन गोष्टींखाली पेनानं रेघ मारा: फाईल नंबर, पत्राची तारीख आणि कलम. पाकीट टाकू नका, त्याच्यावर पोस्टाचा शिक्का असतो; पत्र उशिरा मिळालं हे दाखवायला तोच कामी येतो. एसएमएस आणि ईमेलही तपासा. फॉर्म भरताना एजंटनं स्वतःचा ईमेल टाकलेला असतो, सगळी पत्रं त्याच्याकडे जातात आणि तुम्हाला पत्ताच नसतो. फॉर्म भरताना आपलाच मोबाइल, आपलाच ईमेल.

पायरी २: आपल्यावर खरंच काय आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. "केस हाये" या दोन शब्दांत आपल्याकडे फार वेगवेगळ्या गोष्टी मावतात, आणि पासपोर्टच्या कायद्यात त्यातल्या सगळ्या बसत नाहीत.

कलम ६(२)(एफ) म्हणतं की अर्जदारानं केल्याचा आरोप असलेल्या गुन्ह्याची कारवाई भारतातल्या फौजदारी कोर्टात प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. आमच्या भागात अडलेल्या बहुतेक फाईली याच एका खंडावर अडतात. म्हणून त्यातला एकेक शब्द मोजा: गुन्हा, फौजदारी कोर्ट, प्रलंबित.

नुसता एफआयआर आहे, तपास चालू आहे, चार्जशीट कोर्टात गेलेलंच नाही? मग कोर्टात काही प्रलंबित नाही. परराष्ट्र मंत्रालयानं १० ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे: नुसता एफआयआर किंवा तपास चालू असणं या खंडात येत नाही, चार्जशीट दाखल होऊन कोर्टानं दखल घेतलेली असली पाहिजे. हे परिपत्रक खुलाशाला जोडायला विसरू नका.

चॅप्टर केस? पोळ्याला किंवा निवडणुकीच्या आधी तहसीलदारासमोर उभं करून शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून घेतात, ती. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७, आता नव्या संहितेचं १२६. ही शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई आहे, घडलेल्या गुन्ह्याचा खटला नाही. ठाण्याच्या यादीत मात्र नावापुढे ती दिसते आणि गोपनीय शाखेचा शिपाई अहवालात लिहून मोकळा होतो.

वावराचा दिवाणी दावा, वाटणीचा दावा, बँकेचं किंवा सोसायटीचं थकलेलं पीककर्ज, यांनीही हा खंड लागत नाही. कर्ज आहे म्हणून पासपोर्टचा अर्जच न करणारे शेतकरी मी पाहिले आहेत. कर्ज फेडायचंच आहे, पण त्यासाठी पासपोर्ट अडत नाही.

चेक बाऊन्सचं मात्र वेगळं आहे. ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी फायनान्सवाल्याला दिलेला कोरा चेक वटला नाही आणि त्यानं कलम १३८ ची तक्रार केली, तर तो फौजदारी खटला आहे. समन्स निघालं असेल तर पासपोर्ट अडू शकतो. तसंच रास्ता रोकोचं. कापसाच्या भावासाठी, विजेसाठी, पीकविम्यासाठी रस्त्यावर बसलेल्यांवर दाखल झालेले खटले वर्षानुवर्षं कोर्टात पडून असतात. "सरकारनं आंदोलनाचे गुन्हे मागे घेतले" अशी बातमी वाचून माणूस निर्धास्त होतो, पण सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज करून कोर्टाच्या परवानगीनं खटला मागे घेईपर्यंत तो बोर्डावर तसाच असतो. आणि आमचा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा, म्हणून दारूबंदी कायद्याच्या ६५ (ई) खालचे खटले इथं घरोघर. मोहाच्या दोन बाटल्यांवरून लागलेला खटला दहा वर्षांनी नातवाच्या बारशाला परदेशी निघालेल्या आजीच्या आड येतो.

शोधायचं कसं? मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप घ्या. जिल्हा, तालुका कोर्ट निवडा, नावानं शोधा. नावाची इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हेनं टाका. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं असतं. ठाण्याचं नाव, गुन्हा नंबर आणि वर्ष माहीत असेल तर त्यावरूनही सापडतं. केस सापडली की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर लिहून घ्या, पुढे सगळीकडे तोच लागतो. ॲपमध्ये दिसलं नाही म्हणून केस नाही असं धरू नका. जुन्या प्रकरणांसाठी कोर्टात जाऊन नोंद पाहावी लागते.

मग कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून चार्जशीट आणि रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची) नक्कल काढा. काकाजींच्या मुलाची केस अशीच निघाली. धुऱ्यावरच्या काट्या तोडल्यावरून भावकीत मारामारी झालेली, जुन्या दंड संहितेची कलमं ३२३, ५०४, ५०६ (मारहाण, शिवीगाळ, धमकी), चार आरोपी. मुलाचं नाव चौथं. तेव्हा तो कॉलेजात होता आणि आपलं नाव त्यात आहे हे त्याला धड ठाऊक नव्हतं. रोजनाम्याची पानं आम्ही तिघांनी टेबलावर पसरली. प्रत्येक तारखेला एकच ओळ: आरोपी क्रमांक ४ गैरहजर, समन्स बजावणी होऊन आलं नाही. अकरा वेळा तीच ओळ. समन्स जुन्या घराच्या पत्त्यावर जात होतं, आणि ते घर पाडून पाच वर्षं झाली होती. काकाजी पानावर बोट ठेवून म्हणाले, "म्हंजे तो पयाला असं वाटत असन कोर्टाले." हो, कागदावरून तसंच दिसतं. आणि कलम ६ मधला पुढचा खंड, (जी), समन्स किंवा वॉरंट निघालेल्यांसाठीच आहे. आधी वकिलामार्फत कोर्टात हजर व्हा, वॉरंट असेल तर रद्द करून घ्या, मगच पासपोर्टचं बोला.

केस संपलेली असेल तर काम सोपं. निर्दोष सुटलात तर निकालाची नक्कल. पोलिसांनी ब किंवा क समरी (खटला चालवण्याजोगं काही नाही, असा अहवाल) पाठवून कोर्टानं मंजूर केली असेल तर त्या आदेशाची नक्कल. लोकअदालतीत आपसात मिटवलं असेल तर त्याची. ठाण्याचं रजिस्टर आपोआप सुधारत नाही. तिथं जुनी नोंद 'न्यायप्रविष्ट' म्हणूनच राहते, म्हणून नक्कल तुम्हालाच द्यावी लागते. शिक्षा झाली असेल तर कायदा म्हणतो: अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात, किमान दोन वर्षांची कैद झाली असेल तरच त्या कारणावरून नाकारता येतो. पाचशे रुपये दंड भरून सुटलेला माणूस त्यात बसत नाही. तरी पासपोर्टच्या घाईपायी गुन्हा कबूल करून टाकू नका. तो कलंक सरकारी नोकरीत आणि व्हिसाच्या फॉर्मवर पुन्हा भेटतो.

पायरी ३: फॉर्ममध्ये खरं लिहा

फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो: तुमच्यावर भारतातल्या कोर्टात फौजदारी कारवाई प्रलंबित आहे का? एजंट सांगतो, "नाही टाका, पाहून घेऊ." काकाजींच्या मुलानं तेच केलं होतं. त्याला खरंच पूर्ण माहिती नव्हती, म्हणून निभावलं. पण जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा माहिती लपवली तर तो कलम १२ खालचा स्वतंत्र गुन्हा होतो, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय मिळालेला पासपोर्टही त्याच कारणावरून कलम १० खाली जप्त किंवा रद्द होऊ शकतो. म्हणजे ज्या केसवर कदाचित परवानगी मिळाली असती, तिच्यावर दुसरी केस आपण हातानं चढवतो. 'हो' लिहा आणि सोबत कोर्टाचा कागद लावा.

पायरी ४: खटला चालू असेल तर कोर्टाची परवानगी

खटला चालू म्हणजे पासपोर्टचं दार बंद, असं गावात सगळे मानतात. तसं नाही. केंद्र सरकारची २५ ऑगस्ट १९९३ ची एक अधिसूचना आहे, जी.एस.आर. ५७०(ई). ज्या कोर्टात खटला प्रलंबित आहे त्यानं परदेशी जायची परवानगी दिली, तर तो आदेश दाखवून पासपोर्ट मिळतो. त्यासाठी ज्या कोर्टात केस आहे तिथंच अर्ज करायचा, मग ते तालुक्याचं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट का असेना.

वकिलाशी बोलताना मुदतीचा मुद्दा आवर्जून काढा, कारण इथंच माणसं फसतात. पासपोर्ट किती मुदतीचा द्यायचा हे कोर्टानं आदेशात लिहिलं तर तेवढ्या मुदतीचा मिळतो. मुदतीबद्दल आदेशात काहीच नसेल तर फक्त एका वर्षाचा. एका वर्षाच्या पासपोर्टवर आखातातलं कामच मिळत नाही, कारण व्हिसाला सहसा किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. म्हणून अर्जाच्या शेवटी, जिथं मागणी लिहितात तिथं, दोन गोष्टी वेगवेगळ्या मागा: परदेशी जायची परवानगी आणि पासपोर्ट अमुक वर्षांचा द्यावा असा उल्लेख. कोर्ट देईलच असं नाही, पण न मागितलेलं तर नक्कीच मिळत नाही.

अर्जाला नोकरीचं पत्र किंवा प्रवेशाचं पत्र, घरच्यांचा पत्ता, वावराचा सातबारा जोडा. हा माणूस परत येईल, याची इथं मुळं आहेत, एवढं कोर्टाला दिसलं पाहिजे. आदेश मिळाला की प्रमाणित नक्कल काढा, साधी झेरॉक्स चालत नाही. कोर्ट बोलावेल तेव्हा हजर राहीन, असं लेखी हमीपत्रही पासपोर्ट कार्यालयाला द्यावं लागतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, ती कोर्टाच्या आवारातच असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

पायरी ५: खुलासा

विदर्भासाठी प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे. डाकघरातल्या पासपोर्ट केंद्रात फक्त कागद तपासतात, फोटो आणि ठसे घेतात. निर्णय तिथल्या माणसाच्या हातात नसतो, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. खुलासा नागपूरला जातो.

खुलासा एका पानाचा असू द्या. वर फाईल नंबर, पत्राची तारीख. मग केस नंबर, कोर्ट, कलमं, सध्याची स्थिती. मग एक वाक्य, कोणत्या आधारावर पासपोर्ट मागता ते: चार्जशीट नाही म्हणून २०१९ चं परिपत्रक, किंवा कोर्टाची परवानगी आहे म्हणून १९९३ ची अधिसूचना, किंवा केस संपली म्हणून निकाल. पोलिसांना किंवा भावकीला दोष देणारी दोन पानं लिहू नका, ती कुणी वाचत नाही. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा, आणि वेबसाइटवर चौकशीची अपॉइंटमेंट घेऊन एक प्रत हातोहात देऊन पोच घ्या. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल असला तरी निर्णय पासपोर्ट अधिकाऱ्यानं स्वतः कायदा पाहून घ्यायचा असतो. महिनाभरात काही कळलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका: माझी फाईल कोणाकडे, कोणत्या कारणानं, किती तारखेपासून. माझा अनुभव आहे, या अर्जानं थांबलेल्या फाईली हलतात.

नकार आलाच तर

लेखी आदेशाची प्रत घ्या. तारखेपासून तीस दिवसांत दिल्लीला मुख्य पासपोर्ट अधिकाऱ्याकडे कलम ११ खाली अपील होतं. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नका. आदेश थेट केंद्र सरकारनं दिलेला असेल तर अपील नाही. तिथं आणि अपील फेटाळल्यावरही, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते. मुंबईला जायची गरज नाही.

हातातला पासपोर्ट मागितला तर

जमा करा असं पासपोर्ट अधिकाऱ्याचं पत्र आलं तर लपवून ठेवू नका. न देणं हेच रद्द करायचं आणखी एक कारण होतं. द्या, पोच घ्या आणि म्हणणं लेखी मांडा. तपासात पोलीस पासपोर्ट ताब्यात घेऊ शकतात, पण तो अडकवून ठेवायचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचाच, असं सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये सुरेश नंदा यांच्या खटल्यात सांगितलं आहे. ठाण्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा. आणि आखाताच्या एजंटला 'हमी' म्हणून पासपोर्ट ठेवायला देणाऱ्या पोरांना तर मी हात जोडून सांगतो: कायद्यानं पासपोर्ट केंद्र सरकारच्या मालकीचा असतो, गहाण ठेवायची ती वस्तूच नाही.

काकाजींचा मुलगा कोर्टात हजर झाला, जमानत झाली, परवानगीचा अर्ज दोन पेशींनंतर मंजूर झाला. वकिलानं पाच वर्षं मागितली होती, कोर्टानं तीन दिली. नूतनीकरणाला पुन्हा कोर्टाचा आदेश लागेल, म्हणून मुदत संपायच्या आठ महिने आधीची तारीख त्यानं माझ्याकडून कागदावर लिहून घेतली. तो कागद काकाजींनी घरी भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला आहे.